धागा: मेमधल्या एका रात्रीत आकाशगंगेतला आपला पत्ता शोधणे (साधने: डोळे आणि १०×५० बायनॉक्युलर, म्हणजे १० पट वर्धन आणि ५० मिमीचे मोठे भिंग)

शततारका

दर उन्हाळ्यात तीच तक्रार येते: "अमावस्या गाठली, गावापासून लांब गेलो, रात्री दहाला मान मोडेपर्यंत वर पाहिलं, आकाशगंगा काही दिसली नाही." आकाशाचा दोष नसतो, वेळ चुकलेली असते.

मेच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेदहाच्या सुमारास आकाशगंगेचा पट्टा क्षितिजाला लागून चौफेर आडवा पडलेला असतो. दक्षिणेला त्रिशंकूजवळ तो जेमतेम आठ-दहा अंश वर येतो आणि उत्तरेला क्षितिजाखाली जातो. हा पट्टा म्हणजे आकाशगंगेची चपटी तबकडी, आतून कडेने पाहिलेली. डोक्यावर त्या वेळी असतो तबकडीचा उत्तर ध्रुव, अरुंधती केश या फिकट तारकासमूहात. म्हणजे तुम्ही तबकडीच्या पातळीशी काटकोनात, थेट बाहेर पाहत असता. त्याच रात्री साडेतीनला उठलात तर तबकडीचा गाभा दक्षिणेला बरोबर मध्यमंडलावर (उत्तर-दक्षिण जाणाऱ्या, डोक्यावरच्या रेषेवर) येतो. एका रात्रीत दोन्ही दिशा मिळतात म्हणून हा आठवडा सोयीचा.

वेळापत्रक (पुणे, ५ मेच्या आसपास):

रात्री १०:३०: अरुंधती केश डोक्यावर. स्वाती आणि सिंहाच्या शेपटीचा तारा उत्तरा यांच्या मध्यावर या, तिथून उत्तरेला एक मूठ सरका. (हात ताठ करून धरलेली बंद मूठ म्हणजे साधारण १० अंश.) बायनॉक्युलरच्या एका दृश्यक्षेत्रात किती तारे दिसतात ते मोजून वहीत लिहा. पश्चिमेला सहा अंशांवर या समूहातला मोकळा तारकागुच्छ आहे, तो मोजणीत येऊ देऊ नका. तो २८० प्रकाशवर्षांवर, अगदी घराजवळचा आहे.

रात्री ११:१०: ओमेगा सेंटॉरी, हा गोलाकार तारकागुच्छ (दाटीवाटीने जमलेल्या ताऱ्यांचा गोळा). चित्रा मध्यमंडलावर असताना तिथून सरळ खाली साडेतीन मुठी. क्षितिजापासून उंची २४ अंश. काळ्या आकाशात नुसत्या डोळ्यांना धुरकट तारा दिसतो, १०×५० मधून कापसाच्या बोळ्यासारखा गोळा. अंतर सुमारे १७ हजार प्रकाशवर्षे.

पहाटे ३:००–४:३०: धनु आणि वृश्चिक. धनूतल्या ठळक ताऱ्यांची मिळून किटली दिसते, तिच्या तोटीचे टोक पकडा. तिथून पश्चिमेला आणि किंचित उत्तरेला साडेचार अंशांवर आकाशगंगेचे केंद्र. उंची ४२ अंश. पावणेपाचला झुंजुमुंजू व्हायला लागते, त्याआधी आटपा. आता किटलीच्या उत्तरेकडचा एम २४ (एम म्हणजे फ्रेंच खगोलज्ञ मेसिएच्या यादीतला क्रमांक) हा ताऱ्यांचा ढग दृश्यक्षेत्रात घ्या आणि पुन्हा तारे मोजायला बसा. मोजता येणार नाहीत, आणि हाच या रात्रीचा पहिला निष्कर्ष: आपण एका चपट्या तबकडीत आहोत.

नक्षत्रे रोज ४ मिनिटे लवकर उगवतात. २० मेला जाणार असाल तर वरच्या प्रत्येक वेळेतून एक तास वजा करा.

---

शंकासुर

चपटी तबकडी मान्य. पण पट्टा तर आकाशभर गोल फिरतो. मग आपण मधोमध नाही कशावरून?

---

शततारका

विल्यम हर्शेलही इथेच फसला. त्याने १७८५ मध्ये आकाशाच्या वेगवेगळ्या भागांतले तारे मोजून नकाशा काढला आणि सूर्य जवळपास मध्यावर ठेवला. मोजणी प्रामाणिक होती, पण वाटेत धूळ आहे हे त्याला माहीत नव्हते. तबकडीत धुळीमुळे सगळ्याच दिशांना काही हजार प्रकाशवर्षांपलीकडे दृष्टी अडते. दाट धुक्यात उभ्या माणसाला आपण धुक्याच्या मध्यावर आहोत असेच वाटणार.

सुटका करून दिली गोलाकार तारकागुच्छांनी. ते तबकडीच्या वर-खाली विखुरलेले आहेत, त्यामुळे बरेचसे धुळीच्या तावडीतून सुटतात. हार्लो शॅप्लेने १९१८ च्या सुमारास त्यांची अंतरे काढली तेव्हा सगळा घोळका धनूच्या दिशेला एका बिंदूभोवती जमलेला निघाला. केंद्र तिथे, आपण बाजूला.

हे स्वतः तपासता येते. मेसिएच्या यादीत २९ गोलाकार तारकागुच्छ आहेत. समूहवार वाटा:

धनु ७ (एम २२, २८, ५४, ५५, ६९, ७०, ७५)
भुजंगधारी ७ (एम ९, १०, १२, १४, १९, ६२, १०७)
वृश्चिक २ (एम ४, ८०)

शेजारशेजारच्या तीन समूहांत २९ पैकी १६. उलट हिवाळी आकाशात मृगाच्या पायाशी, शशकात, एकटा एम ७९. आपण मध्यावर असतो तर ही वाटणी अशी एकतर्फी झाली नसती.

पहाटेच्या दीड तासात सगळे १६ होणार नाहीत. एम ४ (ज्येष्ठाच्या पश्चिमेला सव्वा अंश), एम २२ (किटलीच्या झाकणाच्या टोकापासून ईशान्येला अडीच अंश), एम २८ (त्याच टोकापासून वायव्येला एक अंश), एम ६२, एम १९, एम १०, एम १२ हे नवशिक्यालाही जमतात. एम ५४, ६९, ७० किटलीच्या बुडाशी ओळीत आहेत, पण १० पट वर्धनात ते ताऱ्यांसारखेच दिसतात. नकाशा हातात नसेल तर ओळखू येत नाहीत.

---

डबा_अँटेना

एक दुरुस्ती. एम ५४ मोजणीतून काढा. तो धनूच्या दिशेला दिसतो, पण आहे सुमारे ८७ हजार प्रकाशवर्षांवर, आपल्या केंद्राच्या कितीतरी पलीकडे. तो धनु बटू दीर्घिकेचा, म्हणजे शेजारच्या एका छोट्या तारकाविश्वाचा, भाग आहे. २९ पैकी १५ म्हणा, मुद्दा तोच राहतो.

शॅप्लेचे अंतरही फार जास्त आले होते. केंद्र त्याने ६० हजार प्रकाशवर्षांच्या पलीकडे ठेवले, आजचा आकडा २६ ते २७ हजार आहे. एक कारण तीच धूळ: धुळीने मंद झालेली वस्तू दूरची वाटते. आंतरतारकीय धूळ पक्केपणाने सिद्ध झाली ती १९३० मध्ये, ट्रम्पलरच्या कामातून.

---

कोयनाकाठ

वाचनखूण साठवली. बायनॉक्युलर घ्यायचे आहे. दुकानात १०–३०×५० झूमवाले मिळते आहे, किंमत तेवढीच. ते घेऊ का?

---

काच_आणि_प्रिझम

झूम नको. दोन्ही नळ्यांचे वर्धन कायम सारखे राहत नाही, दृश्यक्षेत्र आक्रसते, आणि ३० पट हातात धरून तारा नुसता नाचतो. साधे, ठरावीक वर्धनाचे घ्या.

१०×५० मध्ये डोळ्याकडे येणारा प्रकाशझोत ५० भागिले १०, म्हणजे ५ मिमी जाडीचा. ७×५० मध्ये तो ७ मिमीचा. पन्नाशीच्या पुढे बाहुली बहुधा ५-६ मिमीच उघडते, म्हणजे ७×५० चा कडेचा प्रकाश वाया. शिवाय शहराजवळच्या उजळ आकाशात ७×५० मधून पार्श्वभूमी राखाडी दिसते. म्हणून १०×५०. हात कापत असतील तर ८×४२ सुद्धा चालेल.

दुकानात करायच्या चाचण्या:

१) बायनॉक्युलर डोळ्यांपासून फूटभर लांब, उजेडाकडे धरा. नेत्रभिंगात उजेडाची चकती दिसेल. ती पूर्ण गोल हवी. कडा चौकोनी कापल्यासारख्या राखाडी असतील तर प्रिझम हलक्या काचेचे किंवा आकाराने लहान आहे.

२) मोबाइलचा टॉर्च नेत्रभिंगाकडून आत सोडा आणि मोठ्या भिंगासमोर कागद धरून पडलेले वर्तुळ पट्टीने मोजा. ५० मिमीच्या जागी ४०-४२ भरले तर आत पडदा लावून भिंग झाकलेले आहे. स्वस्त मालात हे सर्रास चालते. टॉर्च जवळ असला की माप एक-दोन मिमी इकडेतिकडे होते, तेवढे सोडून द्या.

३) लांबच्या मोबाइल टॉवरच्या टोकावर नेम धरा. आधी दोन्ही डोळ्यांनी पाहा, मग बायनॉक्युलर हळूहळू डोळ्यांपासून चार-पाच इंच मागे घ्या. दोन चित्रे वर-खाली फाकत असतील तर नळ्या समांतर नाहीत. पाच मिनिटांत डोके धरते. नाकारा.

४) मधल्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला प्लास्टिकचे टोपण आहे का पाहा. त्याखाली पाव इंची आटे असतात. तिथे इंग्रजी एल आकाराचा अडॅप्टर लावून ट्रायपॉडवर बसवता येते. ताऱ्यांची मोजणी हातात धरून होत नाही, हे लक्षात ठेवा.

जुळवणी: आधी उजवे भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचा फोकस करा. मग डावे झाकून फक्त उजव्या नेत्रभिंगाची कडी फिरवा. हे ताऱ्यावरच करायचे, दिव्यावर नाही.

---

घाटवाटा

वरच्या वेळापत्रकाला घाटमाथ्याची बाजू जोडतो.

चंद्र: "अमावस्याच हवी" हा आग्रह सोडा. पहाटेच्या निरीक्षणाला शुक्ल सप्तमी-अष्टमीपर्यंतची कुठलीही रात्र चालते, कारण चंद्र मध्यरात्रीनंतर तास-दीड तासात मावळलेला असतो. उलट ऑक्टोबरात संध्याकाळी पाहायचे असेल तर संकष्टी झाली की दोन-तीन दिवसांनी निघा. संकष्टीचा चंद्रोदय नऊच्या आगेमागे, पुढे रोज पाऊण तासाच्या आसपास उशीर. म्हणजे दहा-साडेदहापर्यंत आकाश मोकळे.

हवा: मार्च-एप्रिलात वणव्यांचा धूर आणि धूळ असते. १५ मेनंतर घाटाच्या पश्चिम कडेला ढग दाटायला लागतात. तेव्हा माथ्यापेक्षा २०-३० किमी पूर्वेकडचे पठार बरे. आकाशगंगेसाठी सर्वात स्वच्छ हवा पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यानंतर. साडेसातला धनु नैर्ऋत्येकडे तीस अंशांच्या आसपास असतो, तासाभरात उरकावे लागते.

जागा: दक्षिण क्षितिज मोकळे हवे, इतर तीन बाजूंना डोंगर चालेल. गुगलवर गाव दिसत नाही म्हणून अंधार असेल असे समजू नका. दक्षिणेला ६० किमीवर एमआयडीसी असली तरी दहा अंशांपर्यंत आकाश पिवळे होते आणि त्रिशंकू त्यात बुडतो. किल्ल्यावर किंवा राखीव जंगलात रात्री थांबायला वनखात्याची परवानगी लागते, बऱ्याच ठिकाणी मिळत नाही. गावातल्या शाळेचे मैदान किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचे खळे हा सरळ मार्ग. खळ्यावरचा एलईडी मालकाला सांगून बंद करवा.

चाचणी: पट्ट्याच्या मधोमध, हंसापासून धनूकडे जाणारी काळी भेग दिसली पाहिजे. तीच ती धूळ. पट्टा दिसतो पण भेग दिसत नाही, तर आकाश अजून पुरेसे काळे नाही किंवा डोळे तयार नाहीत. अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि एक व्हॉट्सॲप उघडले की तो पाण्यात.

---

कोयनाकाठ

तेच विचारणार होतो. ॲप नको मग?

---

घाटवाटा

ॲप घरी वापरा. ठिकाण, तारीख, वेळ टाकून आकाश पाहून घ्या आणि चार ओळींची टिपणे कागदावर काढा. तिथे लाल दिवा. टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाच्या तीन-चार घड्या गुंडाळा. एका घडीतून बराच पांढरा निसटतो.

---

शंकासुर

फोटोत दिसतो तो गुलाबी-निळा पट्टा प्रत्यक्षात कधी दिसणार?

---

काच_आणि_प्रिझम

कधीच नाही. इतक्या मंद प्रकाशात डोळ्याच्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत. दिसतो तो राखाडी-पांढरा, ढगासारखा पट्टा. फोटो म्हणजे कित्येक सेकंदांचा साठवलेला प्रकाश, वर रंग चढवलेले. मुलांना नेण्याआधी हे सांगितले तर बरे, नाहीतर पहिली प्रतिक्रिया "एवढंच?" अशी येते.

---

खडू_फळा

शाळेसाठी प्रमाण सांगतो, १ सेंमी = १००० प्रकाशवर्षे. वर्गात मांडायला याच्याइतके सोपे दुसरे नाही.

एक मीटर व्यासाचे पुठ्ठ्याचे वर्तुळ ही तबकडी, जाडी १ सेंमी. केंद्रापासून साडेसव्वीस सेंमीवर टाचणी टोचा, तो सूर्य. आता त्या रात्रीच्या आकाशातल्या वस्तू सूर्यापासून मोजा: लगून तेजोमेघ (एम ८) ४ ते ५ सेंमी, एम ४ सहा सेंमी, एम २२ साडेदहा सेंमी, ओमेगा सेंटॉरी १७ सेंमी. शेवटचे तीन पुठ्ठ्यावर चिकटवू नका, तारेवर मणी ओवून थोडे वर-खाली ठेवा. एम ४ आणि ओमेगा सेंटॉरी पुठ्ठ्याच्या वर, एम २२ खाली.

नुसत्या डोळ्यांना दिसणारे बहुतेक तारे टाचणीच्या भोवती एक-दीड सेंमीत संपतात. सर्वात जवळचा तारा, ४.२४ प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्सिमा, ०.०४ मिमीवर. तो टाचणीच्या भोकातच आला. देवयानी दीर्घिका २५ मीटरवर, म्हणजे शाळेच्या पटांगणात दुसरा, याहून मोठा पुठ्ठा. कन्या राशीतला दीर्घिकासमूह अर्धा किलोमीटर दूर. दिसू शकणाऱ्या विश्वाची सीमा याच मापाने ४६५ किमीवर. पुण्यात पुठ्ठा ठेवला तर हैदराबादच्या थोडे अलीकडे.

नेहमीची चूक: मुले सूर्यमालाही पुठ्ठ्यावर काढायला जातात. नेपच्यूनची कक्षा या मापात एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढीही नाही. दोन मापे मिसळू देऊ नका.

---

शततारका

सुंदर. कन्या समूहाचा उल्लेख आला म्हणून: तो अरुंधती केशाच्या शेजारीच आहे. तो तिथे असणे योगायोग, पण इतका स्वच्छ दिसणे योगायोग नाही. तबकडीच्या ध्रुवाकडे पाहताना वाटेत धूळ सर्वात कमी, म्हणून बाहेरच्या दीर्घिका तिथे स्वच्छ दिसतात. पट्ट्याच्या दिशेला दीर्घिका नाहीत असे नव्हे, त्या झाकल्या जातात. केंद्राच्या दिशेला तर धूळ दृश्य प्रकाश ३० प्रतींनी (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप) कमी करते. ५ प्रती म्हणजे १०० पट, तेव्हा ३० प्रती म्हणजे एक लाख कोटी किरणकणांतला एक पोहोचतो. दिसते ते केंद्र नाही, त्याच्या अलीकडचे तारे. किटलीच्या तोटीजवळ मात्र धुळीत एक विरळ खिडकी आहे, वॉल्टर बाडेच्या नावाने ओळखली जाते. तिच्यातून गाभ्यातले तारे दिसतात.

---

शंकासुर

म्हणजे केंद्र बघायला गेलो आणि केंद्र दिसतच नाही! बरं, सगळ्या दीर्घिका आपल्यापासून दूर जातात म्हणतात. मग निदान विश्वाच्या तरी मध्यावर आपण?

---

डबा_अँटेना

नाही. अंतर दुप्पट असेल तर वेग दुप्पट, हा हबलने १९२९ मध्ये मांडलेला नियम कुठल्याही दीर्घिकेत बसून पाहिला तरी तसाच दिसतो. सगळी अंतरे एकाच पटीत वाढत असली की प्रत्येकाला बाकीचे पळताना दिसतात.

आणि "सगळ्या" दूर जात नाहीत. देवयानी आपल्याकडे येते आहे. स्लायफरने १९१२ मध्ये तिचा वेग मोजला, सेकंदाला ३०० किमी. पण त्यातला मोठा वाटा आपल्या सूर्याच्या फिरण्याचा आहे. सूर्य केंद्राभोवती सेकंदाला सुमारे २३० किमीने जातो आणि सध्या त्याचा रोख बराचसा त्या बाजूला आहे. तो वजा केला की दोन दीर्घिकांचा एकमेकींकडे येण्याचा वेग सुमारे ११० किमी उरतो.

हे फिरणे घरच्या घरी पकडता येते, धूळ आडवी असली तरी. उदासीन (विद्युतभार नसलेला) हायड्रोजन १४२०.४ मेगाहर्ट्झवर रेडिओ लहरी सोडतो, लांबी २१ सेंमी, आणि धुळीला त्या जुमानत नाहीत. जुळणी:

आतून १७ × १० सेंमी तोंडाचा पत्र्याचा डबा. बंद टोकापासून ६.७ सेंमीवर, रुंद बाजूच्या मध्यावर भोक पाडून केबल जोडायचा एन किंवा एसएमए प्रकारचा कनेक्टर, आत ५.२ सेंमी लांब तांब्याची तार. डब्याच्या तोंडाला फॉइल लावलेल्या थर्माकोल-फोम बोर्डचा कर्णा, बाहेरचे तोंड ७५ × ६० सेंमी. सगळे सांधे ॲल्युमिनियमच्या टेपने, आणि डबा व फॉइल यांची धातूशी धातू गाठ पडली पाहिजे. टेपचा गोंद वीज वाहत नाही, इथेच निम्म्या अँटेना अडकतात. मल्टिमीटर लावून तपासा.

कनेक्टरला लगेच १४२० च्या फिल्टरसह कमी गोंगाटाचा ॲम्प्लिफायर. आधी पाच मीटर केबल आणि मग ॲम्प्लिफायर केलेत तर सिग्नल केबलमध्येच मेला. त्यानंतर आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि लॅपटॉप.

आधी जमिनीकडे तोंड करून पाच मिनिटे नोंद, मग पट्ट्याकडे पाच मिनिटे. दुसरीला पहिलीने भागा, नाहीतर फिल्टरचाच आकार हायड्रोजन समजून बसाल. वेगात १ किमी/से फरक म्हणजे ४.७४ किलोहर्ट्झ. केंद्राच्या दिशेला नोंदीतले शिखर शून्य वेगाजवळ, कारण तिथली गती आपल्याला आडवी असते. तिथून पट्ट्याच्या कडेने गरुडाकडे ३० अंश सरका, दूर जाणाऱ्या वायूची शेपटी १०० किमी/सेपर्यंत लांबते. पृथ्वीच्या वार्षिक गतीने ३० किमी/सेपर्यंत फरक पडतो, तो दुरुस्त करायला विसरू नका.

हेच काम मोठ्या प्रमाणावर कसे चालते ते पाहायचे असेल तर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. विज्ञानदिनाला लोकांना आत सोडतात.

---

जर्सीकर

न्यू जर्सीतून हेच करता येईल का? अक्षांश ४०.५.

---

शततारका

केंद्राची जास्तीत जास्त उंची = ९० − अक्षांश − २९ (केंद्र खगोलीय विषुववृत्ताच्या २९ अंश दक्षिणेला आहे). तुमच्याकडे साडेवीस अंश, लंडनला साडेनऊ. सिडनीत ते जवळपास डोक्यावर. ओमेगा सेंटॉरी तुमच्याकडे दोन अंशांवर, सोडून द्या. पण पावसाळा आड येत नसल्याने जुलैतल्या संध्याकाळी तुम्हाला आयत्या मिळतात, ते सुख इथे नाही.

महाराष्ट्रात आणि गोव्यातही हाच हिशेब: पणजी ४५.५, कोल्हापूर ४४, नागपूर ४०. नागपूरकरांनी वरच्या वेळांतून २१ मिनिटे वजा करावीत, घड्याळ एकच असले तरी नागपूर पुण्याच्या सव्वापाच अंश पूर्वेला आहे.

---

कोयनाकाठ

शेवटचा प्रश्न. जून ते सप्टेंबर बायनॉक्युलर ठेवायचे कसे? ओळखीच्यांच्या भिंगात बुरशीची जाळी झालेली पाहिली.

---

काच_आणि_प्रिझम

चामडी केसमधून काढा. बुरशी तिथूनच सुरू होते. रबरी कडीच्या हवाबंद डब्यात मूठभर सिलिका जेलसह ठेवा, सोबत स्वस्तातला आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू दे. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास. निळे जेल कोबाल्टचे असते, विषारी. ते स्वयंपाकाच्या कढईत किंवा ओव्हनमध्ये तापवू नका, नारिंगी घ्या.

निरीक्षणाहून आल्यावर दव पडलेले भिंग शर्टाने पुसायचे नाही. टोपणे उघडी ठेवून पंख्याखाली सुकू द्या, मगच डब्यात. ओले तसेच बंद केले तर पावसाळ्याचीही गरज नाही, डिसेंबरातही बुरशी धरते.